शुश्रूषाकेंद्रातील करमणूक आणि आध्यात्मिक आधार : सिंहगड रस्त्यावरील एका केंद्राचे परीक्षण

शुश्रूषाकेंद्र निवडताना पुण्यातील कुटुंबे साधारणपणे ठरावीक प्रश्न विचारतात. रात्री परिचारिका असते का, डॉक्टर किती वेळा येतात, जेवण कसे आहे आणि महिन्याचा खर्च किती येईल, हे विचारून झाले की चौकशी संपते. औषधे, आंघोळ आणि दोन वेळचे जेवण यांतून उरलेले तास तो माणूस कसे घालवणार, हा प्रश्न बहुधा दाखल करून झाल्यानंतर पडतो. माझी आत्या सिंहगड रस्त्याच्या परिसरातील एका केंद्रात राहते आणि पुढेही तेथेच राहणार आहे, म्हणून केंद्राचे नाव येथे देत नाही. उपचार, स्वच्छता आणि स्वयंपाक या बाबी समाधानकारक आहेत एवढे एका वाक्यात सांगून, हे परीक्षण तेथील करमणुकीच्या उपक्रमांपुरते आणि रहिवाशांच्या श्रद्धेची जी काळजी घेतली जाते तेवढ्यापुरते ठेवले आहे.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासंबंधीचा २००७ चा कायदा आपल्याला मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहखर्चासाठी ठाऊक असतो. त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे, आणि या वृद्धाश्रमांत द्यायच्या सेवांमध्ये वैद्यकीय उपचारांबरोबर मनोरंजनाच्या साधनांचाही उल्लेख आहे. अमेरिकेतील नियम याहून पुष्कळ पुढे जातात. तेथे शुश्रूषागृहांना प्रत्येक रहिवाशाच्या आवडीनिवडी लक्षात घेऊन उपक्रम आखावे लागतात आणि त्यांची जबाबदारी पात्र व्यक्तीकडे सोपवावी लागते. आपल्याकडे साधने विकत आणली की काम झाले असे समजले जाते. त्यामुळे मोठा टीव्ही, कॅरम बोर्ड आणि पत्त्यांचे दोन जोड कोणत्याही केंद्राच्या दिवाणखान्यात दिसतात आणि त्यांच्याकडे बोट दाखवून नातेवाइकांचे समाधानही केले जाते.

या केंद्रात साधनांपलीकडचा विचार झालेला आहे, आणि त्याचे श्रेय समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या एका संयोजिकेला जाते. सकाळी साडेदहाला खुर्चीत बसून करायचे व्यायाम होतात, त्यानंतर वर्तमानपत्राचे सामूहिक वाचन होते, दुपारी चारला शब्दकोडे, गाण्याच्या भेंड्या किंवा पत्ते असतात आणि संध्याकाळी दिवेलागणीला प्रार्थना होते. हे वेळापत्रक फलकावर लावलेले आहे आणि सोमवार ते शनिवार ते बऱ्यापैकी पाळलेही जाते. वर्तमानपत्राच्या वाचनात निधनवार्ता वगळायच्या की नाहीत, यावर येथे बरीच चर्चा झाली होती. संयोजिकेला त्या वगळाव्याशा वाटत होत्या, परंतु रहिवाशांनीच त्या वाचण्याचा आग्रह धरला आणि आता त्या सर्वांत आधी वाचल्या जातात. पुणेकर ज्येष्ठांच्या बाबतीत हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

मला मात्र सर्वांत परिणामकारक वाटले ते फलकावर नसलेले काम. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी स्वयंपाकघरातून मेथीच्या जुड्या, मटाराच्या शेंगा किंवा पावटे दिवाणखान्यात येतात आणि ज्यांना हात चालवता येतो ते निवडायला बसतात. काही जणी कापसाच्या वाती वळतात. स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना मुलीचे नाव आठवत नाही, सकाळी जेवलो की नाही हे सांगता येत नाही, अशा बाई फुलवात मात्र बिनचूक वळतात, कारण अनेक वर्षांच्या सवयीने हातांना येणारे काम आणि प्रसंगांची आठवण या मेंदूच्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि दुसरी ढासळली तरी पहिली पुष्कळ काळ टिकून राहते. शिवाय येथे निवडलेली भाजी खरोखर त्या रात्रीच्या जेवणात वापरली जाते आणि वळलेल्या वाती खरोखर संध्याकाळी लावल्या जातात. काही ठिकाणी वृद्धांना गुंतवून ठेवण्यासाठी मणी ओवायला देतात आणि रात्री ते मणी सोडवून पुन्हा डब्यात टाकतात. रहिवाशांना हे कळत नसेल असे मानणे हा त्यांचा अपमान आहे.

या सर्वामागे दाखल होताना भरून घेतला जाणारा एक तक्ता आहे. माणसाने आयुष्यभर कोणते काम केले, कोणते गाणे लागले की तो थांबून ऐकतो, कशाने चिडतो, दुपारी झोपतो की नाही, देव मानतो का, मानत असल्यास कोणता, उपवास कोणते धरतो आणि कोणी भेटायला आलेले त्याला चालत नाही, असे प्रश्न त्यात आहेत. नातेवाईक हा तक्ता घाईने भरतात आणि श्रद्धेच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ लिहून मोकळे होतात, जणू वारकरी, स्वामीभक्त, आर्यसमाजी आणि देव्हाऱ्याला कधी हात न लावलेला प्राध्यापक या सर्वांची संध्याकाळ सारखीच असते. संयोजिका नंतर स्वतः रहिवाशाजवळ बसून तो तक्ता पुन्हा भरते. माझ्या आत्याच्या बाबतीत आम्ही ‘भजनाची आवड’ असे लिहिले होते, तर तिने सांगितले की तिला भजन म्हणायला आवडत नाही, दुसऱ्याने म्हटलेले ऐकायला आवडते, आणि तेही पेटी सुरात असेल तर. रविवार पेठेत शिवणकामाचे दुकान चालवलेल्या एका आजोबांना कापडाचे तुकडे आणि बटणांचा डबा मिळतो. हाका मारण्याची पद्धतही या तक्त्यातून ठरते. बहुतेकांना ‘आजी’, ‘आजोबा’ चालते, पण एका निवृत्त मुख्याध्यापिकेला ‘बाई’ हवे असते आणि सर्व मावशी आणि मामा त्यांना न चुकता ‘बाई’ म्हणतात.

बाहेरून येणाऱ्या गटांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. वाढदिवस, वर्षश्राद्ध, शाळेचा सेवा-प्रकल्प किंवा एखाद्या कंपनीचा सामाजिक उपक्रम अशा निमित्ताने लोक येतात, तासभर गाणी म्हणतात, साखर वाढलेल्या माणसांना केक भरवतात, खाटेजवळ उभे राहून छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. येणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. तरीही स्वतःच्या राहत्या घरात रोज कोणीतरी अनोळखी माणसाने येऊन आपल्याला आनंदी करावे, ही कल्पना आपल्यापैकी कोणालाही सहन होणार नाही. केंद्राने यावर दोन नियम केले आहेत, ते इतरांनीही उचलावेत असे आहेत : परवानगीशिवाय छायाचित्र नाही, आणि जो गट महिन्यातून एकदा याप्रमाणे निदान वर्षभर येण्याची तयारी दाखवील त्यालाच कार्यक्रमाची वेळ मिळेल. त्यामुळे गट कमी झाले, पण कोथरूडहून येणारे महिलांचे एक भजनी मंडळ टिकून राहिले, आणि त्यांतील बायकांना आता कोणाला कोणता अभंग हवा असतो हे माहीत आहे.

संध्याकाळच्या प्रार्थनेत शुभंकरोती, रामरक्षा आणि हरिपाठातील काही अभंग असतात व शेवटी पसायदान होते. हरिपाठाच्या मोठ्या टाइपात काढलेल्या प्रती ठेवल्या आहेत, त्यामुळे मोतीबिंदू झालेल्यांनाही वाचता येते. पूर्वी ही प्रार्थना ध्वनिवर्धकावरून तिन्ही मजल्यांवर ऐकवली जात असे. एका निरीश्वरवादी आजोबांनी लेखी तक्रार केली, की ज्या शहरात आगरकरांनी लेखणी झिजवली तेथे मला माझ्या खोलीत शांतपणे बसण्याचाही अधिकार नाही का. व्यवस्थापनाने ध्वनिवर्धक दिवाणखान्यापुरता मर्यादित केला. ज्यांना खोलीत प्रार्थना हवी आहे त्यांना उशाजवळचा लहान स्पीकर मिळतो, आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनाही त्या भोंग्याच्या गोंगाटापेक्षा हे बरे पडते. त्या आजोबांसाठी आठवड्यातून एकदा एक निवृत्त शिक्षक येतात आणि दोघे बुद्धिबळाचा पट मांडून सरकारवर टीका करतात. तक्त्यात ही नोंद ‘आध्यात्मिक आधार’ या सदराखाली केलेली आहे, आणि मला ती अचूक वाटते.

इतर धर्मांच्या रहिवाशांची संख्या थोडी आहे, पण त्यांच्याकडे लक्ष आहे. बौद्ध आजींच्या खोलीत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि त्यांच्याबरोबर त्रिशरण-पंचशील म्हणायला त्यांच्या वस्तीतील एक बाई येतात. ज्यांचे सारे आयुष्य पंचहौदच्या चर्चशी जोडलेले होते अशा एका ख्रिस्ती गृहस्थांसाठी धर्मगुरू येऊन खोलीतच प्रभुभोजनाचा विधी करतात. जैन आजींचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते, आणि हिवाळ्यात त्यासाठी स्वयंपाकघराला आपली घडी बदलावी लागते. एका मुस्लिम आजोबांना प्रकृतीमुळे रोजे धरता येत नाहीत, याची त्यांना फार खंत होती. त्यांच्या नातवाने मौलवींना विचारून प्रत्येक रोज्याबद्दल एका गरजूला जेवण देण्याची, म्हणजे फिद्याची, व्यवस्था केली, आणि केंद्राने त्याची नोंदवही त्यांच्या हाती दिली.

उपवास हा या केंद्राने सर्वांत काळजीपूर्वक हाताळलेला विषय आहे, आणि इतरत्र तो एक तर थट्टेवारी नेला जातो किंवा धाकाने दडपला जातो. चाळीस-पन्नास वर्षे एकादशी धरलेल्या बाईला ‘आता वयाला काही बंधन नसते हो आजी’ असे सांगून भागत नाही, कारण तिच्या दृष्टीने तो आहाराचा नव्हे, दिलेल्या शब्दाचा प्रश्न असतो. दुसरीकडे, इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना पोट रिकामे राहिले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि साबुदाण्याची खिचडी, बटाटा व रताळे यांवर दिवस काढला तर ती झपाट्याने चढते. येथे एकादशीच्या आधी डॉक्टरांकडून प्रत्येकाच्या औषधांची मात्रा ठरवून घेतली जाते, साबुदाण्याऐवजी वरी, राजगिरा, दाण्याची आमटी, ताक आणि काकडी असा फराळ थोडा थोडा करून ठरावीक वेळी दिला जातो, आणि दिवसातून अधिक वेळा साखर तपासली जाते. ज्यांना उपवास अजिबात झेपणार नाही त्यांच्याशी संयोजिका एकट्याने बोलते. आत्याने तिच्याशी बोलून फक्त आषाढी आणि कार्तिकी ठेवली, बाकीच्या एकादशींना तुळशीला पाणी घालून नामस्मरण करायचे ठरवले, आणि तो निर्णय तिचा स्वतःचा असल्याने ती तो आनंदाने पाळते.

प्रसादाची गोष्टही तशीच आहे. पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांना गिळण्याचा त्रास असतो. खोबरे, दाणे, फुटाणे आणि चुरमुरे त्यांच्या घशात अडकू शकतात, आणि पंचामृतासारखा पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला संसर्ग होऊ शकतो. तरीही सगळ्यांना प्रसाद देऊन एकट्या माणसाला वगळले तर त्याला ते लागते. येथे अशा रहिवाशांच्या खाटेवर लाल खूण लावलेली असते आणि त्यांना मऊ शिऱ्याचा लहानसा घास ताठ बसवून दिला जातो, किंवा तीर्थ नुसते ओठांना लावले जाते. बाहेरून येणाऱ्या भाविकांनी हा नियम मोडण्याचे प्रकार घडतात. ‘देवाच्या प्रसादाने काही होत नाही’ असे म्हणत पेढा भरवणाऱ्या पाहुण्यांना मावशींनी ठामपणे अडवलेले मी पाहिले आहे.

ज्येष्ठ महिन्यात ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. तेव्हा भवानी पेठेत किंवा नाना पेठेत चाकाच्या खुर्च्या घेऊन जाणे गर्दीमुळे अशक्य असते. म्हणून केंद्रात अंगणापासून तुळशीवृंदावनापर्यंत दिंडी निघते. ज्यांना चालता येते ते टाळ घेऊन पुढे, खुर्च्या मागे, आणि विणा एका माजी एस. टी. वाहकाच्या गळ्यात. पार्किन्सनच्या रुग्णांना टाळाच्या ठेक्यावर पाऊल उचलणे सोपे जाते, हे भौतिकोपचारतज्ज्ञ जाणतात आणि येथे त्याचा जाणीवपूर्वक उपयोग करून घेतला जातो. गणेशोत्सव, दिवाळी आणि कोजागरीचे कार्यक्रम नेहमीच्या धाटणीचे आहेत, त्यांविषयी वेगळे सांगण्यासारखे नाही.

आता उणिवा. वरील जवळजवळ सर्व गोष्टी दिवाणखान्यापर्यंत येऊ शकणाऱ्यांच्या वाट्याला येतात. दुसऱ्या मजल्यावर जे खाटेला खिळलेले आहेत त्यांच्या वाट्याला उशाजवळचा स्पीकर, टीव्ही आणि औषधांच्या वेळा एवढेच येते. संयोजिका एकच आहे, आणि तिचा दिवस खालच्या मजल्यावरच संपतो. ज्यांना खाली जाता येत नाही त्यांच्यासाठी रोज पंधरा मिनिटे कोणीतरी खुर्ची ओढून बसावे, हात हातात घ्यावा, तेल लावावे, एक ओवी वाचावी किंवा काहीही न बोलता थांबावे, अशी योजना कागदावर आहे. प्रत्यक्षात ती आठवड्यातून एकदा-दोनदा पार पडते. रविवारी संयोजिकेची सुट्टी असते आणि संपूर्ण केंद्र टीव्हीवरील मालिकांच्या पुनःप्रक्षेपणावर दिवस काढते. दिवाळीत ती गावी गेली तेव्हाही असेच झाले. एका व्यक्तीवर उभी असलेली व्यवस्था ती व्यक्ती रजेवर गेली की किती उरते, हे व्यवस्थापनाला ठाऊक आहे, पण दुसरी नेमणूक लांबणीवर पडत आली आहे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. भजन, पूजा आणि सण यांची सोय चांगली असली, तरी उतारवयात माणसाला छळणारे प्रश्न त्यांतून सुटतातच असे नाही. भावाशी तुटलेले बोलणे, मुलावर केलेला अन्याय, विकलेली जमीन, ‘मी अजून का जगते आहे’ हा वारंवार येणारा प्रश्न, यांसाठी ऐकणारा माणूस लागतो. लंडनमध्ये १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचे केंद्र, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी वेदनेला शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चार अंगे असल्याचे मांडले होते, आणि परिहारक, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या, उपचारांत आज तोच विचार पायाभूत मानला जातो. पुण्याला हा विचार नवा नाही, कारण वारज्यातील सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांसाठी असे काम विनामूल्य करीत आले आहे. या शुश्रूषाकेंद्रात मात्र समुपदेशक पंधरा दिवसांतून एकदा येतात, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसतात आणि ज्याला बोलायचे आहे त्याने सर्वांसमोर उठून तेथे जावे अशी अपेक्षा असते. साहजिकच कोणी जात नाही. वेगळी खोली देणे खर्चाचे काम नाही, ते व्हायला हवे.

मृत्यूच्या बाबतीत केंद्राची रीत मला योग्य वाटते, जरी काही नातेवाइकांचा तिला विरोध आहे. कोणी गेले तर ते लपवले जात नाही आणि देह मागच्या दाराने गुपचूप नेला जात नाही. दुसऱ्या दिवशी वाचनाच्या वेळी त्या व्यक्तीचे नाव घेतले जाते, तक्त्यातील चार गोष्टी वाचून दाखवल्या जातात, ज्यांना बोलायचे ते बोलतात आणि पसायदान म्हटले जाते. गेलेली व्यक्ती नास्तिक असेल तर दोन मिनिटे स्तब्धता पाळतात. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की यामुळे बाकीचे खचतात. परंतु शेजारची खाट रिकामी झालेली सर्वांना दिसतच असते, आणि न सांगितल्याने आपल्यालाही असेच पुसले जाणार आहे एवढेच त्यांना कळते. शेवटच्या घटकेला तुळशीपत्र आणि गंगाजल द्यायचे का, कोणाला बोलवायचे, रुग्णालयात हलवायचे की येथेच ठेवायचे, हे तक्त्यात आधीच लिहून ठेवण्याची सोय आहे. निम्म्याहून अधिक कुटुंबे हा रकाना कोरा सोडतात, त्याचा दोष केंद्राला देता येत नाही.

रात्रीचा वेळ कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही. ज्यांना पहाटे तीनला जाग येते त्यांच्याजवळ त्या वेळी केवळ रात्रपाळीच्या मावशी असतात, आणि त्यांतील काही मराठवाड्यातून आलेल्या आहेत. एक मावशी झोप न लागलेल्या आजींना कूस बदलून देताना हलक्या आवाजात जात्यावरच्या ओव्या म्हणतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून काम करीत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत, तेव्हा हा ठेवा किती मोठा आहे हे नव्याने सांगायला नको. केंद्राच्या दृष्टीने मात्र हे ‘काम’ नाही, त्याची नोंद होत नाही आणि त्या मावशींना कोणते प्रशिक्षणही मिळत नाही. संयोजिकेच्या जोडीला दुसरी पदवीधर शोधत बसण्यापेक्षा या मावशींचे काही तास औषध-पाण्यातून सोडवून त्यांना वरच्या मजल्यावर नेमावे आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत, अशी सूचना मी नातेवाइकांच्या सभेत केली आहे. व्यवस्थापकांनी ती लिहून घेतली.

चालता-फिरता किंवा खुर्चीत बसू शकणारा, गप्पांची आवड असलेला माणूस असेल, मग तो कोणत्याही श्रद्धेचा असो किंवा कोणत्याच नसो, तर या केंद्राची शिफारस मी करीन. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या व मधल्या टप्प्यातील रुग्णांसाठी तर हे विशेष चांगले आहे. पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी सध्या ते साधारण आहे आणि तेथे कुटुंबाला स्वतःची हजेरी अधिक ठेवावी लागेल. उपक्रमांसाठी वेगळे शुल्क नाही, सहलीचे तेवढे निराळे घेतात. पाहायला जाणार असाल तर सकाळी साडेदहाच्या कार्यक्रमाला जाऊ नका, ती वेळ सर्वच ठिकाणी चांगली असते. रविवारी दुपारी तीनला जा, वरच्या मजल्यावर जाण्याची परवानगी मागा आणि तक्त्याचा कोरा नमुना घरी आणून तो ज्याच्याविषयी आहे त्याच्याजवळ बसून भरा. भेटीची वेळ दुपारी तीन ते सहा आहे, आणि फराळाचे काही नेणार असाल तर आधी परिचारिकेला दाखवावे लागते.